थुंकी निगेटिव्ह आली, मग खोकला कशाचा? एका काकूंचं पूर्ण प्रकरण

आधीच सांगतो, हे प्रकरण कुणा एका बाईचं नाहीये. टीबी समजून औषधं चालतात आणि शेवटी फुफ्फुसाचा कॅन्सर निघतो, हे छातीच्या ओपीडीत आपल्याकडे जे परत परत दिसतं ते जोडून एक प्रकरण उभं केलंय, ट्रेनिंगमध्ये करतात तसं, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि चर्चा मोकळेपणाने करता येते. आजार, तपासण्या, औषधं, आकडे मात्र खरे आहेत. आशाताई, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), गावातले डॉक्टर आणि मुख्य म्हणजे घरातली माणसं यांनी वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पेशंटला आपण काकू म्हणू. वय 54, मराठवाड्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, हंगामात दुसऱ्याच्या रानात खुरपायला पण जायच्या. आयुष्यात कधी विडी ओढली नाही. सकाळी मशेरी लावायची सवय, तिला त्या तंबाखू मानतच नव्हत्या. काकांची मात्र विडी, दिवसाला एक बंडल तरी, आणि ती ओढायची जागा म्हणजे पडवी नाहीतर रात्री घरातच बाजेवर बसून. स्वयंपाक चुलीवर, अगदी दहा-बारा वर्षांच्या असल्यापासून, तुरकाट्या, पऱ्हाटी, गोवऱ्या जे मिळेल ते जाळून. उज्ज्वलाचा गॅस घरात आला पण सिलेंडर परत भरायचे पैसे जड जातात म्हणून चहा आणि पाहुणे गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. ही घरं तुम्हाला माहीत आहेत, मी काही नवीन सांगत नाहीये.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं कारण यातलं एकही वाक्य काकूंच्या केसपेपरवर नव्हतं. केसपेपरवर होतं एवढंच की विडी-सिगारेट नाही, दारू नाही. प्रश्न तेवढाच विचारला गेला आणि उत्तर खरंच "नाही" होतं. आणि या एका "नाही"मुळे पुढचे कितीतरी महिने कुणाच्या डोक्यात कॅन्सर हा शब्द आलाच नाही.

विडी नाही म्हणजे धूर नाही असं नसतं

तंबाखूचा धूर हेच फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहे यात कुणी शंका घेऊ नये, 1950 साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि या कॅन्सरचा संबंध दाखवला आणि तेव्हापासून पुरावा वाढतच गेलाय. विडी सिगारेटपेक्षा हलकी, पानाची असते म्हणून नैसर्गिक, असं जे गावाकडे बोललं जातं ते चूक आहे, विडी सारखी विझते म्हणून माणूस ती जोरात आणि जास्त वेळा ओढतो आणि छातीत जायचं ते जातंच. पण आपल्याकडच्या पेशंटमध्ये, खास करून बायकांमध्ये, कधीच न ओढलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि जनजागृतीच्या पोस्टरवर मात्र फक्त सिगारेट आणि काळं फुफ्फुस असतं. ते पोस्टर बघून काकूंसारखी बाई काय म्हणेल? हे माझ्यासाठी नाही, असंच म्हणेल ना.

महाराष्ट्राचं चित्र बघा. 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यात ओढणारे फक्त 3.8 टक्के निघाले आणि खाणारे, लावणारे, चघळणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः तोंडातून जाते, त्यामुळे आपली सगळी जागृती तोंडाच्या कॅन्सरकडे वळलेली आहे, आणि ते बरोबरच आहे. (काकूंच्या मशेरीचा धोका पण मुख्यतः तोंडाला होता, तीसुद्धा सुटायला हवीच.) पण त्याच सर्वेक्षणात देशभरात 38.7 टक्के मोठी माणसं घरात दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुरात बसतात असंही निघालं. दुसऱ्याचा धूर हा कॅन्सर करणारा म्हणून जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे खात्रीशीर यादीत. 2008 च्या 2 ऑक्टोबरपासून सार्वजनिक जागी ओढायला देशभर बंदी आली, पण घराची पडवी सार्वजनिक जागा नाही, तिथे कायदा पोचत नाही, तिथे सुनेने किंवा नातवाने बोलावं लागतं आणि ते सोपं नसतं.

चुलीचं पण नीट सांगायला हवं, कारण इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. घरात दगडी कोळसा जाळल्याचा धूर हा खात्रीच्या गटात आहे, लाकूड-काटक्या-गोवऱ्यांचा धूर त्याच्या एक पायरी खाली, "बहुतेक करतो" या गटात. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे, तिथल्या बायका जवळजवळ ओढतच नव्हत्या तरी त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर भयंकर होता, कारण घरात धुराड्याशिवाय उघड्यावर धुराचा कोळसा जाळायचे. मग तिथे चुलींना धुराडं बसवलं, आणि धुराडं बसलेल्या घरांतल्या लोकांचा पुढची कित्येक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कॅन्सरचा धोका पुरुषांत 41 टक्के आणि बायकांत 46 टक्के कमी झालेला दिसला, 2002 साली हे छापून आलं. कोळसा आणि तुरकाट्या एक नाहीत, मान्य. पण धूर घराबाहेर काढला की फरक पडतो, हे इतक्या स्पष्टपणे फार कमी ठिकाणी दिसलंय आणि आपल्या चुलीवाल्या घरांत निदान धुराडं, खिडकी, चूल बाहेर नेणं हे तरी करण्यासारखं आहे.

बाकीची कारणं पटकन सांगतो. बाहेरच्या हवेचं प्रदूषण 2013 पासून पहिल्या गटात आहे, डिझेलचा धूर 2012 पासून. दगडखाणीतली आणि क्रशरवरची सिलिकाची धूळ, अॅस्बेस्टॉसची धूळ, वेल्डिंगचा धूर. जुना टीबी होऊन फुफ्फुसावर व्रण राहिले असतील तर धोका वाढतो. जवळच्या नात्यात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर थोडा वाढतो. यातलं काहीच नसूनही होतो, तेही लक्षात असू द्या.

खोकला कसा पुढे पुढे गेला

पोळ्याच्या आसपास खोकला सुरू झाला, कोरडा, ढास लागल्यासारखा. पावसाळ्याचे दिवस, रानात फवारणी चालू, घरात नातवाला पण सर्दी, त्यामुळे कुणाला वेगळं वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. मेडिकलमधून सिरप आणलं, मग गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या, तीन दिवसांच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन, थोडं बरं वाटलं, परत सुरू, परत दुसऱ्या गोळ्या, मग कुणीतरी सांगितलं म्हणून अडुळशाचा काढा. असं करत करत दिवाळी आली. दिवाळीत माहेरवाशीण मुलगी आली आणि ती बघून म्हणाली आई किती वाळलीस गं, तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं की ब्लाऊज ढिले झालेत. रोज समोर असणाऱ्यांना ते दिसत नाही.

आशाताईंनी इथे आपलं काम चोख केलं. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हा नियम त्यांना पाठ आहे, टीबीच्या कार्यक्रमाने तो गावागावात पोचवलाय आणि तो आपल्या आरोग्य यंत्रणेच्या मोठ्या यशांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांनी काकूंना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. थुंकी निगेटिव्ह. मशीनवरची तपासणी, ट्रूनॅट, तीही निगेटिव्ह. तालुक्याला छातीचा फोटो काढला, त्यात डाव्या बाजूला वर डाग. वय, गाव, खोकला, वजन कमी, वरच्या भागात डाग, या सगळ्यावरून डॉक्टरांनी टीबी धरून औषधं चालू केली.

आता इथे बरेच जण म्हणतील की बघा इथेच चुकलं. मला तसं वाटत नाही. आपल्या देशात असा फोटो असलेल्या माणसांत टीबी निघायची शक्यता कितीतरी जास्त असते, थुंकीत जंतू न सापडणारा टीबी खरोखर असतो, आणि त्याला औषध न देता थांबणं हे पण माणसाच्या जिवावर बेततं. औषध चालू करणं हा पटण्यासारखा निर्णय होता. गडबड तिथून पुढे झाली.

टीबीची औषधं सुरू झाली की घराला एक दिलासा मिळतो. आजाराला नाव मिळालं, सहा महिन्यांचा कोर्स आहे, सरकारी गोळ्या आहेत, पोषणाचे पैसे खात्यावर येतात (आता महिन्याला 1000 रुपये), लघवी केशरी झाली म्हणजे गोळी लागू पडतेय असं पण लोक समजतात. केशरी लघवी म्हणजे टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन हे औषध पोटात गेलंय एवढंच, आजार बरा होतोय की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. नाव मिळालं की शोध थांबतो, घरचा पण आणि दवाखान्याचा पण.

दोन महिने झाले, ठरल्याप्रमाणे परत थुंकी तपासली, निगेटिव्ह. कार्डावर निगेटिव्ह लिहिलं, सगळ्यांना वाटलं चला बरंय, औषध लागू पडलं. या एका जागी मी प्रत्येक वाचणाऱ्याला थांबवू इच्छितो. काकूंची थुंकी सुरुवातीपासूनच निगेटिव्ह होती! जी आधी पॉझिटिव्ह होती आणि आता निगेटिव्ह झाली तिचा अर्थ आहे. जी आधीच निगेटिव्ह होती ती दोन महिन्यांनी परत निगेटिव्ह आली तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही. अशा पेशंटमध्ये बघायचं असतं वजन, खोकला, भूक, आणि फोटो. वजन औषध सुरू करताना 46 होतं ते 43 वर आलं होतं, टीबीचं औषध लागू पडलं की बहुतेकांचं वजन या काळात वाढायला लागतं. भूक नव्हती. खोकला तसाच. छातीचा फोटो परत काढलाच नाही. काढला असता आणि दिवाळीतल्या फोटोशेजारी धरला असता तर डाग तेवढाच किंवा मोठा दिसला असता, आणि मग पुढचा प्रश्न आपोआप आला असता.

तिसऱ्या महिन्यात आवाज बसला. घोगरा, फाटल्यासारखा, फोनवर मुलीला आईचा आवाज ओळखू येईना. घरात समज असा की खोकून खोकून घसा बसलाय, गरम पाणी, हळद-दूध, जेष्ठमध. आवाजाच्या तारा हलवणारी डावी नस मानेतून खाली छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीखालून वळसा घालून परत वर घशाकडे जाते. त्या वळणाजवळ गाठ किंवा सुजलेल्या ग्रंथी असल्या की ती नस दबते आणि घशात काहीही नसताना आवाज जातो. म्हणून तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघायलाच हवं, आणि एक बाजूची तार हलत नसेल तर छातीत बघायला हवं.

मग डावा खांदा दुखायला लागला, पाठीत खुब्यापर्यंत. तेल, शेक, मलम, कुणीतरी मणक्याचा फोटो काढायला लावला आणि त्यात वयाप्रमाणे जे निघतं ते निघालं, मणक्यात गॅप. फुफ्फुसाच्या आत वेदनेच्या नसा जवळजवळ नसतातच, त्यामुळे आत गाठ वाढताना दुखत नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा बहुतेक वेळा ती बाहेरच्या आवरणापर्यंत किंवा बरगडीपर्यंत पोचलेली असते. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशोब इथे चालत नाही. फुफ्फुसाच्या अगदी टोकाला गाठ असली तर खांदा आणि हात दुखतो, बोटांची ताकद कमी होते, कधी त्या बाजूची पापणी खाली येते, आणि असा माणूस महिनोनमहिने हाडांच्या डॉक्टरांकडे फिरत असतो.

पाचव्या महिन्यात दम लागायला लागला. विहिरीवरून घागर आणताना थांबावं लागायचं, मग अंगणातून घरात येतानाही. फोटो काढला, डाव्या बाजूला फुफ्फुसाभोवती पाणी. सुईने पाणी काढलं, टीबीसाठीची तपासणी केली, बाकीचं फेकून दिलं. काही दिवसांत पाणी परत भरलं. दुसऱ्यांदा काढलं ते लालसर होतं आणि या वेळी काढणाऱ्या डॉक्टरांनी, त्यांना शंभर सलाम, ते पेशींच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट आला अॅडेनोकार्सिनोमा. फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि छातीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या म्हणजे चौथी स्टेज.

पोळा ते रिपोर्ट, सात-आठ महिने. यात कुणीही निष्काळजी नव्हतं, प्रत्येकाने आपल्या समोरचं काम केलं. दोन आठवडे खोकला तर थुंकी तपासा, हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. थुंकी निगेटिव्ह आली आणि औषधाने फरक पडला नाही तर काय, हे वाक्य कुणालाच कुणी शिकवलं नव्हतं. माझं सगळं म्हणणं या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

हे दुसरं वाक्य सांगून फरक पडतो का

पडतो, आणि त्याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये 2012 च्या मे-जूनमध्ये देशभर मोहीम चालवली, टीव्हीवर, रेडिओवर, पेपरात, आणि संदेश एकच, तीन आठवडे खोकला आहे, डॉक्टरला सांगा. आधी काही भागांत करून बघितली होती मग देशभर नेली. धूम्रपान वाईट वगैरे उपदेश नाही, फक्त लक्षण आणि मुदत. आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरची साधारण 700 जास्त निदानं झाली, 400 च्या आसपास जास्त लोक लवकरच्या स्टेजला सापडले आणि 300 च्या आसपास जास्त लोकांचं ऑपरेशन होऊ शकलं. ऑपरेशन होऊ शकणं म्हणजे बरं होण्याची खरी संधी, म्हणून हा 300 चा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपण ती मोहीम जशीच्या तशी उचलू शकत नाही, तीन आठवडे खोकला म्हणजे कॅन्सर असेल असं सांगितलं तर आपल्याकडे आधी टीबी तपासायचं राहून जाईल आणि लोक नको तेवढे घाबरतील. पण आपल्याकडे त्यांच्यापेक्षा चांगली गोष्ट आहे, दोन आठवड्यांचा नियम आधीच घराघरात पोचलेला आहे, आशाताई दारात जातात, थुंकीची तपासणी फुकट आहे. त्याच कार्डावर एक ओळ वाढवायची आहे. थुंकी निगेटिव्ह असताना औषध चालू केलं असेल तर दोन महिन्यांनी वजन आणि फोटो बघा, सुधारणा नसेल तर सीटी स्कॅन आणि गरज पडली तर गाठीचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि छातीचं पाणी काढलं तर थोडं पेशींच्या तपासणीला पण पाठवा, दरवेळी. हे करायला नवीन योजना लागत नाही.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो, हे वाचून कुणीही टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. फरक पडत नाही असं वाटलं तर गोळ्या चालू ठेवून डॉक्टरांकडे जा. अर्धवट सोडलेल्या कोर्समधून औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो आणि तो आख्ख्या घराला पसरतो.

तपासणीबद्दल अजून एक. साधा फोटो नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर असलेल्या पाचातल्या साधारण एकाचा फोटो नॉर्मल दिसू शकतो, गाठ लहान असते, हृदयामागे किंवा बरगडीमागे लपलेली असते. लक्षण चालूच राहिलं तर सीटी. मग सगळ्यांचं दरवर्षी सीटी का करत नाही असं लोक विचारतात. अमेरिकेत 53 हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2011 ला निकाल आला, कमी डोसच्या सीटीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी झाले. पण ते लोक वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणारे होते. काकू त्या अभ्यासात बसल्याच नसत्या. शिवाय आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्या छात्यांत आहेत की सरसकट सीटी केलं तर निष्कारण धावपळ आणि टोचाटोची फार होईल. भरपूर ओढणाऱ्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाने आपल्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावं. पण काकूंसारख्यांसाठी आज हातात आहे ते लक्षणांकडे वेळेत बघणं, दुसरं काही नाही.

लक्षणांमधली जी काकूंना नव्हती ती पण सांगून टाकतो. बेडक्यात रक्त, अगदी रेघभर असलं तरी, एकदाच आलं तरी दाखवायचं. छातीच्या त्याच जागी परत परत न्यूमोनिया होणं. जुना विडीचा खोकला असतो त्याची तऱ्हा बदलणं, हे ओढणारे फार दुर्लक्षित करतात कारण खोकला त्यांना रोजचाच. चेहरा आणि मान सुजणं, गळ्यावर शिरा फुगणं, ही तातडीची गोष्ट आहे, त्याच दिवशी दवाखाना. बोटांची टोकं फुगीर होणं, नखं गोलसर होणं, हे घरी बघता येतं, दोन्ही हातांच्या एकाच बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरली की मध्ये शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसते, ती दिसेनाशी झाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. तिची कारणं इतरही असतात, पण दाखवा.

निदानानंतर

घरात पहिली भीती होती की आता सुई टोचली, तुकडा काढला की पसरेल. ही भीती इतकी खोल आहे की शिकलेली माणसं सुद्धा बोलतात. तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरला असं होणं फारच विरळ आहे, आणि तुकडा न तपासता आज फुफ्फुसाच्या कॅन्सरचं नीट औषध ठरवताच येत नाही. काकूंच्या बाबतीत ते स्पष्ट दिसलं. पेशींवर ईजीएफआर नावाच्या जीनची तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे त्या जीनमध्ये बदल सापडला. भारतात अॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये ती पॉझिटिव्ह येते, कधी न ओढलेल्यांत आणि बायकांत त्याहून जास्त. पॉझिटिव्ह आली की रोजची एक गोळी चालते, गेफिटिनिब, जी आपल्याकडे जेनेरिक मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच झालेल्या अभ्यासात, 2020 ला छापून आला, असं दिसलं की नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला आणि गोळीसोबत केमो दिली तर 16 महिने. परळच्या दवाखान्यातल्या, आपल्याच लोकांवर केलेल्या या कामाने जगभरातल्या डॉक्टरांच्या उपचारांवर परिणाम केला, याचा मला अभिमान वाटतो.

त्या एकत्र उपचाराला अंगात ताकद लागते, आणि इथे उशिराचा खरा हिशोब समजतो. लवकर सापडलं असतं तर पहिल्या स्टेजला सापडलं असतं का? खात्रीने नाही सांगता येणार, हा कॅन्सर बऱ्याचदा पहिलं लक्षण दिसेपर्यंतच पसरलेला असतो आणि घरच्यांनी आम्ही मारलं असं मनाला लावून घेऊ नये. पण दिवाळीतल्या काकू चालत्या-फिरत्या होत्या, 46 किलोच्या, आणि रिपोर्ट आला तेव्हा 39 किलोच्या, अंथरुणाला टेकलेल्या. दिवाळीतल्या काकूंना केमो आणि गोळी दोन्ही देता आलं असतं. नंतरच्या काकूंना आधी नुसती गोळी देऊन थोडं उभं करावं लागलं. स्टेज तीच असली तरी माणूस कुठल्या अवस्थेत उपचाराला पोचतो यावर फार अवलंबून असतं.

गोळीने दोन-तीन आठवड्यांत दम कमी झाला, पाणी परत भरलं नाही, आवाज पूर्ण नाही पण थोडा आला. तोंडावर पुरळ उठलं, जुलाब झाले, ते दोन्ही या गोळीचे नेहमीचे त्रास आहेत, डॉक्टरांना सांगितले की त्यावर औषध असतं, गोळी परस्पर बंद करायची नाही. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कॅन्सरचे बरेच उपचार त्यात बसतात, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, जीनच्या तपासणीचा खर्च योजनेत बसतो का ते आधीच विचारून घ्या कारण घराची ओढाताण तिथेच होते.

मोठ्या दवाखान्यात जाताना जुने सगळे फोटो घेऊन जा, रिपोर्टचा कागद नाही, फिल्म. नवा डाग आणि सहा महिन्यांपूर्वीचा डाग शेजारी ठेवला की डॉक्टरांना एका मिनिटात जे कळतं ते नुसत्या बोलण्यातून कळत नाही. गावाकडे फिल्म गुंडाळी करून माळ्यावर टाकतात, उंदीर खातात, तसं करू नका, निदान मोबाईलमध्ये उजेडासमोर धरून फोटो काढून ठेवा. आणि विचारलं नाही तरी सांगा की चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला, घरात कोण ओढतं, खाणीवर किंवा वेल्डिंगवर काम केलंय का, आधी टीबी झाला होता का.

काकांची विडी काकूंच्या रिपोर्टनंतर पंधरा दिवसांनी पण चालूच होती, अपराधी वाटत होतं म्हणून उलट जास्त. त्यांना कुणी रागावून उपयोग झाला नसता. सरकारचा तंबाखू सोडण्यासाठी फुकट फोन आहे, 1800-11-2356, समुपदेशक बोलतात आणि नंतर परत फोन करून विचारपूस करतात. सोडल्यावर दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास येतो, म्हणजे साठीतल्या माणसालाही सोडून फायदा आहे. आणि त्याच बाजेच्या पायथ्याशी नातू झोपतो, त्याच्या छातीतला धूर तर त्याच दिवसापासून थांबतो. काकांनी पहिला फोन केला तेव्हा नंबर सुनेने लावून दिला, मशेरीचं पण त्याच फोनवर विचारून घेतलं.